खोक्यातले पाच दगड: भौतिक बदल की रासायनिक?

पाटीपेन्सिल

लेकीचा दगडगोट्यांचा खोका काल पाच महिन्यांनी उघडला. पारदर्शक झाकणाचा, कप्प्याकप्प्यांचा, खिडकीशेजारच्या फळीवर पडून होता. लेक सातवीत आहे आणि भलती शिस्तीची, त्यामुळे प्रत्येक खड्याखाली नाव आणि वजन लिहिलेली चिठ्ठी आहे. म्हणजे होती.

सैंधवाच्या चौकोनी खड्याच्या कडा जाऊन तो चोखलेल्या गोळीसारखा झालाय आणि स्वतःच्याच पाण्यात बसलाय. शेजारच्या कप्प्यात सोनेरी दगड (चिठ्ठीवर 'पायराइट') आणि त्याला चिकटून कॅल्साइट. सोनेरी दगडावर पिवळट-पांढरी पूड धरलीय. खालची चिठ्ठी तपकिरी पडलीय, उचलायला गेले तर बोटांत चुरा झाला. वास आगकाडी पेटवल्यावर येतो तसा. मनशिळेचा खडा शेंदरी होता, त्याच्या उजेडाकडच्या बाजूला आता पिवळी भुकटी आहे. जांभळा अमेथिस्ट फिकट झाला असं ती म्हणते, मला काही फरक दिसत नाही.

तिला हे दुःख नाहीच. ती लगेच वही घेऊन बसली, कारण शाळेत सध्या भौतिक आणि रासायनिक बदल चालू आहेत. सैंधव: भौतिक. पायराइट: रासायनिक. मनशिळेपाशी गाडी अडली. "भुकटी झाली म्हणजे भौतिक, रंग बदलला म्हणजे रासायनिक. आई, दोन्ही कसं?" मी कॉमर्सवाली. वाचवा.

चकमक

आधी कामाचं. मनशीळ हे आर्सेनिकचं खनिज आहे. ती भुकटी फुंकू नका, कोरड्या फडक्याने झटकू नका. हातमोजे घाला, ओल्या कागदाने पुसून घ्या, खडा घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी अंधारात. मुलीला हात साबणाने धुवायला लावा. सातवीतल्या पोरीला हा खडा ज्याने दिला त्याचे कान उपटायला हवेत.

दुसरं, सोनेरी दगड पायराइटच आहे हे चिठ्ठीवरून मानू नका. सोनेरी चमक चाल्कोपायराइटलाही (तांब्याचं एक खनिज) असते. चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघा. मग फरशीच्या मागच्या, न चकाकणाऱ्या बाजूवर घासा आणि रेघेचा रंग सांगा.

पाटीपेन्सिल

कान माझ्या भावाचे आहेत, निरोप पोचवते. मनशीळ बंदोबस्तात गेली.

चाकूने ओरखडा उठला नाही. उलट दगडावर पात्याचीच करडी रेघ उमटली, ती बोटाने पुसली गेली. फरशीवर मात्र हिरवट काळी रेघ आली. सोनेरी दगडाची काळी रेघ! लेक दहा मिनिटं तेच करत बसली होती.

चकमक

मग पायराइटच. चाल्कोपायराइटचा कसही (म्हणजे फरशीवर उमटणाऱ्या रेघेचा रंग) हिरवट काळाच येतो, पण त्याचा कठीणपणा ३.५ ते ४, चाकू त्याला सहज ओरखडतो. पायराइट ६ ते ६.५, चाकू साधारण ५.५. म्हणून तुमच्या दगडावर चाकूचंच लोखंड उतरलं. नवशिके इथे हमखास फसतात, पुसून बघितलंत हे छान केलंत. सोनं असतं तर कस सोनेरीच आला असता, आणि चाकू त्यात लोण्यासारखा रुतला असता.

कठीणपणाचे हे आकडे फ्रीडरिख मोस यांच्या १८१२ च्या मोजपट्टीतले. संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्ज ७, पुष्कराज ८, कुरुविंद ९, हिरा १०. मोठ्या आकड्याचा लहान आकड्याच्याला ओरखडतो, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे म्हणजे शर्यतीतले नंबर आहेत, सेकंद नव्हेत. कुरुविंद आणि हिरा यांत एकाच आकड्याचं अंतर दिसतं, पण प्रत्यक्ष मोजलं तर हिरा जवळपास चौपट कठीण भरतो. आणि कायनाइट नावाचा निळा दगड तर लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडतो, आडवा ओरखडत नाही. एकाच दगडाचे दोन कठीणपणे. अणूंची बांधणी दोन दिशांना सारखी नाही, म्हणून.

नुसताच वाचक

अवांतर: 'कसाला लागणे' याच कसातून आलं का? आयुष्यभर वापरला शब्द, डोळ्यांसमोर फरशी कधी आली नव्हती.

खडूफळा

त्यातूनच. सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, खनिजवाला पांढऱ्या खरखरीत फरशीवर, क्रिया तीच.

पाटीपेन्सिल ताई, तीस वर्षं हाच धडा शिकवला, म्हणून थोडं बोलतो. मुलीची अडचण तिची नाही, त्या यादीची आहे. रंग बदलला, वास आला, वायू निघाला, उष्णता निघाली, ही सगळी *लक्षणं* आहेत. ताप हे लक्षण, आजार वेगळा. मुलं लक्षणांची यादी पाठ करतात आणि तीच व्याख्या समजतात. खरा प्रश्न एकच: आधी जो पदार्थ होता तोच शेवटी आहे का?

मी वर्गात हेमॅटाइट न्यायचो. करडा, पोलादासारखा चकाकणारा. विचारायचो, याची पूड केली तर कुठल्या रंगाची होईल? सगळे म्हणायचे करडी. घासला की विटकरी लाल रेघ. पोरं ओरडायची, "सर, रासायनिक बदल!" रंग ठार बदलला, तरी पदार्थ तसूभरही बदललेला नाही. मोठा स्फटिक पृष्ठभागावरूनच प्रकाश परतवतो म्हणून धातूसारखा दिसतो. बारीक कणांतून प्रकाश आरपार जातो, आणि त्या प्रवासात लाल सोडून बाकीचे रंग शोषले जातात. त्या लाल पुडीवरूनच त्याला ग्रीक भाषेतल्या रक्तावरून नाव पडलं.

म्हणून रंगावर विसंबायचं नाही, हा पहिला धडा. कस हा भरवशाचा गुण, दगडाचा वरचा रंग बिनभरवशाचा. अमेथिस्ट जांभळा, पण त्याचाही कस पांढराच. खरं तर तो फरशीहून कठीण असल्यामुळे पूड पडते ती फरशीचीच.

अणुरेणू

सर, पहिला प्रश्न बरोबर आहे, पण "तोच पदार्थ आहे का" हे सातवीतल्या मुलीने घरबसल्या कसं ओळखायचं? माझं उत्तर: तराजू. नशीब की वजनं लिहून ठेवली आहेत (पायराइटची चिठ्ठी गेली असली तरी वहीत असेलच). सैंधवाचं सगळं पाणी बशीत घेऊन खड्यासकट वाळू द्या, मग तोला. पायराइट पुडीसकट तोला. मनशीळ डबी न उघडता, नंतर तशाच रिकाम्या डबीचं वजन वजा करा.

पाटीपेन्सिल

चार दिवसांनी हजर. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो हे आधीच सांगते.

सैंधव: तेव्हा ३८, वाळल्यावर ३८. बशीच्या काठाला बारके चौकोनी दाणे धरलेत, भिंगातून पाहिले, खरंच चौकोनी!
पायराइट: तेव्हा १४२, आता १४७.
मनशीळ: तेव्हा २१, आता २१.
अमेथिस्ट: ५५ आणि ५५.

लेकीचा निष्कर्ष: वजन वाढलं तो रासायनिक, बाकी तीन भौतिक. प्रकरण मिटलं म्हणाली. मिटलं का?

अणुरेणू

अर्धं मिटलं.

पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक. दमट हवेत तो ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही ओढतो, त्यातून लोहाचं सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. ते वाढलेले ५ ग्रॅम हवेतून आले. पिवळट-पांढरी पूड म्हणजे सल्फेट, चिठ्ठी खाल्ली ती आम्लाने. संग्रहालयांत याला चक्क रोग म्हणतात, जुने जीवाश्म यात अक्षरशः भुगा होऊन जातात, कारण अनेक जीवाश्मांत पायराइट असतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की हा प्रकार झपाट्याने वाढतो.

सैंधवाचं वेगळं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळू लागतं. वाळवल्यावर पाणी गेलं, मीठ तेवढंच राहिलं. दाणे चौकोनी आले, कारण सोडियम आणि क्लोरीनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पुन्हा त्याच घनाकार जाळीत बसले. हातोडीने फोडला असता तरी चौकोनी तुकडेच पडले असते, पाटन म्हणतात त्याला.

पण मनशिळेचं वजन तेवढंच आहे म्हणून ती भौतिक? नाही. बाहेरून काही आलं नाही आणि बाहेर काही गेलं नाही, एवढंच तराजू सांगतो. आतल्या आत काय झालं ते त्याला कळत नाही.

काथ्याकूट

आलो मी. सैंधवाचं "भौतिक" कुणी ठरवलं? खड्यात सोडियम-क्लोरीन आयनांचं घट्ट जाळं होतं. पाण्यात ते जाळं मोडलं, प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा झाले. बंध तुटले, नवे आकर्षण-संबंध जुळले. मग हा रासायनिक का नाही? "वाळवलं की परत मिळतं" हे कारण देऊ नका. चुनखडीसुद्धा परत मिळते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजा, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जाईल, ५६ ग्रॅम कळीचा चुना उरेल. त्यात पाणी घाला, फसफसून तापेल आणि विरी जाईल. आता हवेत सोडून द्या, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होईल. पूर्ण फेरी, आरंभ तिथेच शेवट. तिन्ही पायऱ्या रासायनिक. आणि उलट बघा: काच फोडली तर परत सांधत नाही, तो मात्र भौतिक. मग हे "उलटवता येतं, येत नाही" प्रकरण पुस्तकातून हाकलून का देत नाहीत?

खडूफळा

हाकलायला हवंच, याबाबत +१. मोरचूद (कॉपर सल्फेट) तापवली की निळी पांढरी होते, पाण्याचा थेंब टाकला की परत निळी. परीक्षेत निम्मी मुलं "उलटवता येतो म्हणून भौतिक" लिहायची आणि मी मार्क कापायचो. जिप्समचं तेच. दीडशे अंशांच्या आसपास तापवला की स्फटिकातलं पाऊण पाणी जातं, प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. पाणी घातलं की पुन्हा जिप्सम, आणि घट्ट होताना हाताला गरम लागतं. दोन्ही रासायनिक.

मिठाबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत नाही.

अणुरेणू

मीही अर्धीच सहमत. मिठात आयन आधीपासूनच होते, पाण्याने ते सुटे केले, नवा पदार्थ घडवला नाही. म्हणून शाळेत भौतिक म्हणणं चालतं. पण काथ्याकूट म्हणतात तसं पाण्याचे रेणू आयनांना घट्ट धरतात हेही खरं, आणि रसायनशास्त्रज्ञांतही यावर वाद घालणारे आहेत. मुलीला सांगा: भौतिक लिही, पण समासात एक प्रश्नचिन्ह काढ.

काथ्याकूट

समासातलं प्रश्नचिन्ह मान्य. :)

आता हिरा घ्या. १७७२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी मोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळला, कार्बन डायऑक्साइड मिळाला. १७९७ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी दाखवलं की तेवढ्याच वजनाच्या कोळशाइतकाच वायू हिऱ्यातून निघतो. म्हणजे निव्वळ कार्बन. हिरा जाळणं रासायनिक, वादच नाही. पण हवा नसताना प्रचंड तापवून त्याचं ग्रॅफाइट केलं तर? आत कार्बन, बाहेर कार्बन. वजन तेच. घनता ३.५ वरून २.२ वर, कठीणपणा १० वरून १-२ वर. पदार्थ तोच म्हणायचा की वेगळा?

चकमक

खनिजवाल्यांच्या हिशेबात वेगळा. आमच्याकडे खनिजाची ओळख दोन गोष्टींनी ठरते: कशाचं बनलंय आणि अणू कसे रचलेत. दोन्हींपैकी एक बदललं की दुसरं खनिज. हिरा आणि ग्रॅफाइट, कॅल्साइट आणि ॲरॅगोनाइट, एकाच मालाची दोन घरं. रचना डोळ्यांना दिसत नाही, पण १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्र या भौतिकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी ती वाचायची युक्ती काढली. त्याआधी फक्त बाहेरच्या गुणांवरून अंदाज बांधायचे, आपण फरशीवर बांधला तसे.

क्वार्ट्जची गंमत वेगळी. ५७३ अंशांना त्याची रचना बदलते, पण एकही बंध तुटत नाही, नुसते कोन जरा वळतात. थंड झाला की मूळपदावर. हिऱ्याचं ग्रॅफाइट होताना मात्र बंध तुटून नव्याने जुळतात. मी पहिल्याला भौतिक म्हणेन, दुसऱ्याला रासायनिक. काथ्याकूट, तुमचं काही म्हणणं असेलच.

काथ्याकूट

आश्चर्य म्हणजे नाही.

अणुरेणू

आता मनशिळेकडे येता येईल. मनशिळेचा रेणू म्हणजे आर्सेनिकचे ४ आणि गंधकाचे ४ अणू, एका बारक्या पिंजऱ्यासारखे. उजेड पडला की त्यातले काही बंध सुटतात आणि पिंजरा वेगळ्या जोडणीने पुन्हा बांधला जातो. तेच ४ आणि तेच ४. म्हणून तुमचा काटा २१ वरून हलला नाही. नवा रेणू जुन्या जाळीत बसत नाही, त्यामुळे खडा भुसभुशीत होऊन पिवळी भुकटी पडते.

म्हणजे लेकीचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. भुकटी झाली, रंग बदलला. फक्त भुकटी हा परिणाम आहे, कारण रेणूत आहे. हा रासायनिक बदल, आणि अख्ख्या खोक्यातला सगळ्यात लबाड.

लबाड अशासाठी की तज्ज्ञही फार काळ फसले. मनशिळेवरची पिवळी भुकटी म्हणजे हरताळ असं समजलं जायचं. हरताळही आर्सेनिक-गंधकाचाच, पण प्रमाण वेगळं: २ ला ३. पिवळ्या भुकटीला पॅरारिअलगार हे स्वतंत्र नाव १९८० मध्ये मिळालं. जुन्या चित्रांतही ही भानगड आहे, चित्रकाराने लावलेला शेंदरी रंग आज पिवळा दिसतो.

नुसताच वाचक

'हरताळ फासणे' तो हाच हरताळ? पोथीत चुकीच्या अक्षरावर पिवळा लेप द्यायचे तो?

अणुरेणू

तोच. आणि आता शास्त्रज्ञांच्या समजुतीवरच हरताळ फासला गेला.

पाटीपेन्सिल

मनशीळ रासायनिक, नोंदलं. अमेथिस्ट राहिला. मामाने दिला तेव्हाचा फोटो सापडला, शेजारी ठेवून बघितला. कबूल, फिकट झालाय. मी हरले.

चकमक

हरण्यात लाज नाही, तो रंगच नाजूक. अमेथिस्ट म्हणजे जांभळा क्वार्ट्ज, त्यात अगदी नगण्य लोह मिसळलेलं असतं. खडकातल्या किरणोत्सारामुळे त्या लोहाचे इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि जांभळा रंग येतो. काही अमेथिस्ट सततच्या उन्हात फिके पडतात, चारशे-पाचशे अंशांना भाजले की बहुतेक पिवळे होतात. बाजारातले पुष्कळ पिवळे 'सिट्रिन' मुळात अमेथिस्टच असतात. फिकट खड्यावर पुन्हा किरणोत्सार सोडला तर जांभळा रंग परत आणताही येतो.

कठीणपणा, घनता, चमक, शंखासारखं भंजन (फुटल्यावर पडणारे वळसे), सगळं ७ नंबरी क्वार्ट्जचंच. बदललं ते लाखांत थोडेच मोजावेत इतक्या कमी अणूंपाशी. भौतिक की रासायनिक? लोहापुरतं बोलाल तर त्याची इलेक्ट्रॉनांची अवस्था बदलली, म्हणजे रासायनिक. खड्यापुरतं बोलाल तर क्वार्ट्ज क्वार्ट्जच आहे. मी पंचवीस वर्षं दगड गोळा करतोय, मी इथे उत्तर लिहिणार नाही.

पाटीपेन्सिल

ठीक, दुसरं प्रश्नचिन्ह.

एक राहिलंच. पायराइटला चिकटून असलेल्या कॅल्साइटवर, जिथे तो टेकला होता तिथेच, पांढरट पापुद्रा आहे. बाकीच्या बाजू स्वच्छ, काचेसारख्या. ही पायराइटचीच पूड लागली असेल ना? पुसली तर निघत नाही.

अणुरेणू

पुसू नका! लोहाचं सल्फेट पाण्यात पटकन विरघळतं. पापुद्र्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. मग एक थेंब व्हिनेगर पापुद्र्यावर, एक स्वच्छ बाजूवर, भिंग घेऊन. शेवटी नखाने ओरखडा. काय दिसलं ते आधी लिहा, मग बोलते.

पाटीपेन्सिल

पाण्याने पापुद्रा गेला नाही. व्हिनेगर: स्वच्छ बाजूवर बारीक बारीक बुडबुड्यांची माळ, पापुद्र्यावर काही नाही. नख: पापुद्र्यावर पांढरी रेघ पडते, कॅल्साइटवर पडत नाही.

ओरखड्याचं लेकीने माझ्याआधी ओळखलं. नख अडीच, कॅल्साइट तीन, म्हणजे पापुद्रा अडीचच्या खालचा. यादीत बोट फिरवत दोनवर थांबली.

अणुरेणू

शाबास! जिप्सम. पायराइटमधून सुटलेलं सल्फ्युरिक आम्ल कॅल्साइटला लागलं, कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि कॅल्शियमने सल्फेट व पाणी घेऊन नवं खनिज केलं. निसर्गातही पायराइट आणि चुनखडी शेजारी असली की हेच होतं. तुमच्या खोक्यात आता पाच नाहीत, निदान सहा खनिजं आहेत. पॅरारिअलगार धरलं तर सात.

चकमक

पायराइट वेगळ्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. सैंधवही तसाच. आणि चिठ्ठ्या यापुढे डबीच्या बाहेरून चिकटवा.

पाटीपेन्सिल

डब्या आल्या. कॅल्साइटची नवी चिठ्ठी बाहेरून लावलीय, लेकीच्या अक्षरात: "कॅल्साइट. एका बाजूला जिप्सम, जन्म याच खोक्यात. वजन मोजता आलं नाही." भावाला निरोप पोचला. पुढच्या वेळी हिंगूळ आणतो म्हणत होता. त्यात पारा असतो हे लेकीनेच त्याला फोनवर सुनावलं.